कार्ट्रिज बदलली तरी डाग तिथेच? आधी फूटपट्टी काढा

ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर ठिपका किंवा रेघ उमटायला लागली की आपल्याकडचा उपचार ठरलेला आहे. कार्ट्रिज काढायची, दोनदा हलवायची, परत घालायची. तेवढ्याने भागलं नाही तर रिफिलवाल्याला फोन. तो टोनर, म्हणजे छपाईची काळी भुकटी, भरून जातो, चार दिवस बरे जातात आणि तोच ठिपका तेवढ्याच अंतरावर पुन्हा हजर होतो. मग वैतागून नवी कार्ट्रिज. तीही घालून डाग गेला नाही की प्रिंटरच भंगारात काढायची भाषा सुरू होते.

यातला बराचसा खर्च टाळता येतो. डाग कुठे पडला, किती अंतराने पडला आणि कागदाच्या कोणत्या बाजूला पडला, एवढं नीट पाहिलं तर दोष कार्ट्रिजमध्ये आहे, फ्यूजरमध्ये (टोनर कागदावर पक्का बसवणाऱ्या गरम भागात) आहे की कागदातच आहे, हे बहुतेक वेळा इंजिनिअर यायच्या आधीच कळतं.

मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत, म्हणजे सीए, वकील, क्लिअरिंग एजंट, सोसायटीचं ऑफिस, प्रिंटर फिरून फिरून तेच दिसतात. एचपीचे १०२०, एम १००५, पी १००७, एम ११३६, कॅननचा एलबीपी २९०० आणि हल्ली ब्रदर. १२ए कार्ट्रिज १०२० ला लागते तशीच एम १००५ ला लागते. पी १००७ आणि एम ११३६ या दोघांना ८८ए. खाली लिहिलंय ते मुख्यतः या काळ्या-पांढऱ्या मशीनबद्दल आहे. कलर लेझरमध्ये तत्त्व तेच, पण चार ड्रम (पानाची प्रतिमा आधी ज्यावर उमटते ते फिरणारे दंडगोल) आणि शिवाय बेल्ट, त्यामुळे शोध लांबतो.

प्रिंटमध्ये आहे की फक्त झेरॉक्समध्ये?

ऑल-इन-वन मशीन असेल तर हे पहिलं बघा. कॉम्प्युटरवरून एक पान छापा. ते स्वच्छ आलं आणि झेरॉक्सवरच रेघ असेल तर कार्ट्रिजचा काही संबंध नाही, घोळ स्कॅनरच्या काचेवर आहे. वरच्या फीडरमधून कागद घातल्यावरच रेघ येत असेल तर मोठी काच पुसून उपयोग नाही. तिच्या शेजारी एक बोटभर रुंदीची अरुंद काचपट्टी असते, कागद तिच्यावरून सरकत जातो. तिच्यावर व्हाइटनरचा मोहरीएवढा कण चिकटला तरी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ काळी रेघ येते, कारण कण जागचा हलत नाही आणि कागद पुढे जात राहतो. नखाने खरवडू नका. किंचित ओलसर मऊ कापडाने कण भिजवून पुसा. या एका काचपट्टीपायी किती चांगल्या कार्ट्रिज बदलल्या गेल्या असतील, देव जाणे.

ऑफिसात त्याच मॉडेलचं दुसरं मशीन असेल तर आणखी सोपं. कार्ट्रिजची अदलाबदल करा. दोष कार्ट्रिजबरोबर गेला तर कार्ट्रिज दोषी, जागीच राहिला तर मशीन किंवा कागद. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायचं सोडून लोक तासभर फोनवर बोलतात.

फूटपट्टीचा हिशोब

आत काय चालतं ते थोडक्यात. पीसीआर नावाचा रबरी रोलर ड्रमवर विजेचा भार चढवतो. लेझर त्यावर अक्षरांचा आकार उमटवतो. मॅग्नेटिक रोलर त्या आकारावर टोनर चढवतो, ट्रान्सफर रोलर तो टोनर कागदावर ओढून घेतो आणि फ्यूजर साधारण दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने तो वितळवून कागदात बसवतो. ड्रमवर उरलेला टोनर वायपर ब्लेड खरवडून वेस्ट टोनरच्या कप्प्यात टाकतं. लेझर सोडला तर यातला जवळपास प्रत्येक भाग गोल फिरणारा आहे. गोल भागावर एका जागी खोट असली की त्याच्या दर फेऱ्याला ती कागदावर एकदा उमटते. म्हणजे दोन डागांमधलं अंतर हा त्या भागाचा परीघ झाला.

वर्डमध्ये पानभर चौकोन काढा, त्यात फिकट करडा रंग भरा आणि छापा. पान बाहेर आलं की ते कोणत्या दिशेने बाहेर पडलं त्याचा बाण पेनने काढून ठेवा, नंतर हमखास गोंधळ होतो. आता स्टीलची फूटपट्टी घ्या. डागाच्या मध्यापासून नको, वरच्या कडेपासून पुढच्या डागाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. आणि एकच अंतर मोजून थांबू नका. समजा एका उभ्या ओळीत चार ठिपके आहेत आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत २२६ मिमी भरले. मधली अंतरं तीन, म्हणजे एक अंतर ७५ मिमीच्या किंचित वर.

१२ए आणि ८८ए घराण्यातल्या कार्ट्रिजचा ड्रम २४ मिमी व्यासाचा असतो. त्याला ३.१४ ने गुणा, ७५.४ येतात. सापडला चोर. ठिपके त्याच्या निम्म्या अंतरावर, ३८ मिमीच्या आसपास पडत असतील तर संशय पीसीआरवर. तो बारीक असतो, त्यामुळे ड्रमच्या एका फेऱ्यात त्याचे दोन होतात. ब्रदरच्या मशीनमध्ये ड्रम ३० मिमीचा असतो, तिथे आकडा ९४ मिमी येतो. ट्रान्सफर रोलर, फ्यूजरची फिल्म आणि प्रेशर रोलर यांचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्यांचा तक्ता दिलेला असतो. तो हाताशी नसेल तर मशीन बंद करून, गार होऊ देऊन, रोलरचा व्यास मोजा आणि ३.१४ ने गुणा.

ब्रदरमध्ये ड्रम आणि टोनर वेगळे असतात, हे विसरून लोक टोनरच बदलत बसतात. ९४ मिमीवर ठिपका येत असेल तर ड्रम युनिट काढा आणि डागाच्या रेषेत ड्रम हाताने हळूहळू फिरवत बघा. पुष्कळदा तिथे कुरिअरच्या लेबलचा डिंक चिकटलेला सापडतो. कोरड्या कापसाच्या काडीने तो निघाला तर खर्च शून्य. खरवडायला टोकदार काहीही वापरू नका. त्याच ड्रम युनिटवर एक छोटी हिरवी पट्टी असते. ती डावी-उजवीकडे सरकवली की आतली तार साफ होते. सरकवून झाल्यावर ती बाणाच्या खुणेपाशी परत आणायची असते. मध्येच राहिली तर पानावर उभा पट्टा येतो आणि माणूस सफाईनंतर आलेला हा नवा दोष शोधत बसतो.

ठिपका बारीक आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. बिलात १५०० च्या मधोमध पडला की त्याचे १५.०० होतात आणि मराठी पत्रात शिरोरेषेच्या वर पडला की फुकटचा अनुस्वार लागतो.

ठिपके आहेत पण अंतराचा काहीच मेळ बसत नसेल तर रोलर सोडून द्या. टोनर कुठेतरी गळतोय. कार्ट्रिज पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून हलकेच थोपटा, खाली काळी भुकटी पडली तर उत्तर मिळालं. रिफिल करताना नवा टोनर भरला पण वेस्ट टोनरचा कप्पा रिकामा केला नाही, की तो भरून वाहायला लागतो आणि पानावर काळे फराटे येतात. रिफिलवाल्याला समोर बसवून विचारा, "वेस्ट काढला का?" त्याच्याकडून "हो साहेब, काढलाय" हे उत्तर येणारच, तेव्हा काढलेला वेस्ट पिशवीत दाखवायला सांगा.

रिफिलला माझा विरोध नाही. पण १२ए ओरिजिनल कार्ट्रिज कंपनी साधारण २००० पानांची धरते, ८८ए १५०० पानांची, तीही पानावर ५ टक्के छपाई धरून. ड्रम आणि ब्लेड त्या हिशोबाने बनवलेले असतात. त्याच ड्रमवर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा टोनर भरला आणि पानाची पार्श्वभूमी करडी झाली, तर टोनरला दोष देऊन काय होणार? ड्रम झिजलाय. दुसऱ्या रिफिलच्या वेळी ड्रम आणि वायपर ब्लेड नवे टाकून घ्या. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही सुटे मिळतात.

अर्ध्यावर थांबवून बघणं

अंतरावरून उलगडा झाला नाही तर ही चाचणी करा. इंजिनिअर ती करतात, पण तुम्हालाही करता येते. प्रिंट द्या आणि कागद अर्धा आत गेला की पुढचं झाकण उघडा. मशीन जागीच थांबतं. कार्ट्रिज अलगद बाहेर काढा आणि तिचं ड्रमवरचं झाकण जरा वर करून बघा. ड्रमवर उलटी अक्षरं टोनरमध्ये उमटलेली दिसतात.

तिथेच डाग किंवा रेघ असेल तर दोष कार्ट्रिजमध्ये किंवा लेझरच्या वाटेत. ड्रमवरची अक्षरं गडद आणि स्वच्छ आहेत, पण खालच्या कागदावर फिकट उतरलीत, तर ट्रान्सफर रोलर किंवा कागद. कागदावर, फ्यूजरच्या अलीकडे, सगळं ठीक आहे पण बाहेर पडलेल्या पानावर घाण येते, तर फ्यूजर. तो अर्धवट कागद बाहेर काढताना जपून, त्यावरचा टोनर अजून सुटाच असतो. फुंकर तर अजिबात मारू नका.

ड्रम उघडा असेपर्यंत घाई करा. त्याला उजेड सोसत नाही. ट्यूबलाइटखाली फार वेळ राहिला तर छपाईत करडे पट्टे येतात. वर वर्तमानपत्र टाकलं तरी काम भागतं. आणि ड्रमला बोट लावू नका. ट्रान्सफर रोलरलाही नाही, त्या काळ्या स्पंजला हाताचं तेल लागलं की तिथे छपाई उतरत नाही.

उभ्या रेघा

बारीक, धारदार काळी रेघ, पानाच्या वरपासून खालपर्यंत अखंड: ड्रमवर ओरखडा किंवा वायपर ब्लेडची धार तुटलेली. दोन्ही कार्ट्रिजमधलेच. ओरखडा कशाने येतो? बऱ्याचदा पाठकोऱ्या कागदातल्या स्टेपलर पिनेने.

पाठकोरे कागद वापरणं हा आपल्या ऑफिसांचा जुना धर्म आहे आणि तो सोडा असं सांगायची माझी छाती नाही. पण लेझरमध्ये घालायचे तर पिना बघून काढा, कोपरे दुमडलेले बाजूला टाका, ट्रेमध्ये गठ्ठा न भरता हाताने एकेक घाला. आधीच्या बाजूचा टोनर फ्यूजरमध्ये पुन्हा मऊ होतो आणि प्रेशर रोलरला लागतो, मग नंतरच्या चांगल्या पानांच्या पाठीमागे काळपट छाप येतात. तसं झालं तर प्रिंटरच्या सेटिंगमधलं क्लीनिंग पेज चालवा, ते नसेल तर कोरे कागद सोडा.

पांढरी उभी रेघ वेगळी. पट्टा रुंद आणि कडा पुसट असतील तर टोनर संपत आलाय, कार्ट्रिज हलवून काही पानं निघतील. रेघ अरुंद आणि कडा स्पष्ट असतील तर मॅग्नेटिक रोलरच्या ब्लेडपाशी गुठळी अडकलीय किंवा लेझरच्या काचेवर धूळ बसलीय. दुसरी कार्ट्रिज घालूनही रेघ त्याच जागी आली तर लेझरची काच. मेट्रोचं काम किंवा रस्त्याची खोदाई खिडकीबाहेर चालू असेल तर हा दोष हमखास बघायला मिळतो. तो भाग स्वतः उघडू नका, तेवढं काम इंजिनिअरला करू द्या.

पावसाळा

मुंबईत जूनच्या मध्यापासून एक वेगळाच दोष सुरू होतो आणि त्याला कार्ट्रिजवर ढकलण्यात सगळे तरबेज आहेत. काळा भाग एकसारखा न येता ठिगळं लागल्यासारखा येतो, अक्षरं कुठे गडद कुठे फिकट, पान बाहेर पडताना गुंडाळी होतं, एका वेळी दोन कागद ओढले जातात. दुपारनंतर आपोआप सुधारतं आणि सोमवारी सकाळी परत तेच.

हवेतली आर्द्रता जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर राहते आणि उघडा कागद ती पिऊन घेतो. ओलसर कागदातून वीज जास्त वाहते, त्यामुळे ट्रान्सफर रोलरने दिलेला भार कागदावर टिकत नाही आणि टोनर ड्रमवरून पूर्ण उतरत नाही. पुढे फ्यूजरमध्ये त्याच ओलाव्याची वाफ होते, तिने कागद वाकतो, सुरकुततो. कधी कधी ही वाफ प्रिंटरच्या वरच्या फटीतून धुरासारखी दिसते आणि कोणीतरी ओरडतं, "मॅडम, प्रिंटर जळतोय!" जळका वास नसेल तर घाबरू नका, कागद सुकतोय.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत तळमजल्याला ऑफिस असेल तर रीम जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेले दिसतात आणि भिंतीला ओल. एसी संध्याकाळी बंद होतो, रात्रभर ट्रेमधला कागद दमट हवेत पडून राहतो, शनिवार-रविवार धरून तर अडीच दिवस. सोमवारी पहिली वीस-पंचवीस पानं वाईट, मग ट्रेच्या मधला कमी ओलावलेला कागद वर आला की छपाई सुधारते. लोकांना वाटतं प्रिंटर गरम झाला म्हणून सुधारला.

खात्री करायची असेल तर नवा, न फोडलेला रीम आणा, मधले दहा कागद घ्या आणि लगेच त्यावर छापा. फरक पडला तर कार्ट्रिजला हात लावू नका.

उपाय साधे आहेत. रीमचं वेष्टन ओलावा अडवणारं असतं, ते फाडून टाकून देऊ नका, उरलेला कागद त्यातच दुमडून ठेवा. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा मिळाला तर उत्तम. ट्रेमध्ये दिवसाला लागेल तेवढाच कागद भरा आणि सुट्टीआधी निघताना काढून डब्यात टाका. रीम जमिनीवर नको, कपाटात वरच्या खणात. एसीची थंड हवा थेट प्रिंटरवर येत असेल तर झोत वळवा. पानं फारच गुंडाळत असतील तर ट्रेमधला गठ्ठा उलटा करून बघा, आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ७० जीएसएमला (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साजेसा हलका निवडा म्हणजे फ्यूजर जरा कमी तापेल.

अंगठ्याने पुसलं तर अक्षर जातं

इथे उलट प्रकार. टोनर वितळून बसलेलाच नाही. कोर्टाभोवतीच्या ऑफिसांत ही तक्रार स्टॅम्प पेपरवर येते: साध्या कागदावर छपाई छान, पण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर घडी घातली की घडीवरची अक्षरं सोलून निघतात. मशीन बिघडलेलं नसतं. स्टॅम्प पेपर जाड असतो आणि प्रिंटर त्याला साधा कागद समजून तेवढीच उष्णता देतो. प्रिंटच्या खिडकीत प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कागदाचा प्रकार हेवी किंवा बॉन्ड करा. मशीन संथ चालेल, पण टोनर पक्का बसेल. आधी तेवढ्याच जाडीच्या साध्या कागदावर छापून, घडी घालून, अंगठा फिरवून बघा, पाचशेचा कागद प्रयोगात घालवू नका.

साध्या कागदावरही टोनर निघत असेल तर मात्र फ्यूजर. छोट्या एचपी-कॅननमध्ये त्याची फिल्म, जिला बाजारात टेफलॉन म्हणतात, फाटली की कागद जाताना चुरचुर आवाज येतो आणि ठरावीक जागी काळं फासलं जातं. फिल्म एकटी बदलता येते, पण प्रेशर रोलर बघून घ्या. तो खडबडीत झाला असेल तर नवी फिल्म लवकरच पुन्हा फाटेल.

उठावाच्या छपाईची लेटरहेड लेझरमध्ये घालू नका. ती शाई उष्णतेने मऊ होते आणि फ्यूजरला चिकटते. लेबलच्या पानावरचं एखादं लेबल आधीच काढलेलं असेल तर ते पानही नको.

बाकीचं भराभर

पूर्ण कोरं पान: नव्या कार्ट्रिजची सील पट्टी ओढली का बघा. पूर्ण काळं पान: पीसीआरला वीज पोचत नाही, कार्ट्रिजच्या बाजूचे धातूचे काँटॅक्ट कोरड्या कापडाने पुसा. सगळंच फिकट: आधी सेटिंगमधला टोनर बचतीचा मोड बंद करा, तो कोणीतरी चालू करून विसरलेला असतो. मजकुराची पुसट सावली खाली ७५ मिमीवर पुन्हा दिसते: ड्रम. सावली दुसऱ्या अंतरावर असेल तर फ्यूजर.

सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, कण इतके बारीक असतात की फिल्टरमधून निघून खोलीभर होतात. कोरड्या कापडाने टिपा. कपड्यावर पडला तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कायमचा बसतो.

इंजिनिअरला बोलवायचंच ठरलं तर फोनवर "प्रिंट खराब येतेय" एवढंच सांगू नका. दोषाचं पान बाणासकट जपून ठेवा, अंतर मिमीमध्ये सांगा, पान कोणत्या ट्रेमधून काढलं, कार्ट्रिज कितव्या रिफिलची, सकाळी जास्त येतं की दिवसभर, तेही सांगा. त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना फूटपट्टी शेजारी ठेवून काढा. मग तो येताना ड्रम आणायचा की फिल्म, हे ठरवून येईल आणि दुसऱ्या फेरीचे व्हिजिट चार्जेस वाचतील.